पुठ्ठ्याचे देश आणि मोटारीची किल्ली

१४ जुलै, सोमवार
बारावी कला. सुरक्षा परिषदेचा धडा वाचून दाखवला. वाचता वाचता मलाच जांभई आली, मुलांची काय कथा! गायत्री मागच्या बाकावर वेणी घालत होती. विचारलं, व्हेटो म्हणजे काय?
"नकाराधिकार, मॅडम."
म्हणजे?
"म्हंजी... नकाराचा अधिकार."
वर्ग हसला, मीही हसले. पाठ आहे, कळलेलं काही नाही. समाजशास्त्राच्या तासालाही हीच गत. दोन्ही विषय माझ्याच गळ्यात, त्यामुळे दोष द्यायलाही दुसरं कोणी नाही. पोरांच्या हातात काहीतरी द्यायला हवं. खडू-फळा सोडून काहीतरी.

२० जुलै, रविवार
खेळ तयार करतेय. माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, नव्या फ्रिजचा खोका भंगारात टाकायला काढला होता, तो अडवला. त्याचे चौकोन कापले. प्रत्येक चौकोन एक देश. खरे देश नाहीत. नाव कोरंच, फक्त परिस्थिती लिहायची. 'समुद्र नाही, तेल आहे.' 'कारखाने भरपूर, धान्य बाहेरून.' 'मोठी नदी उगम पावते.' 'तीच नदी, पण खालच्या अंगाला.' पाच पत्त्यांवर लाल ठिपका: व्हेटो. चिठ्ठ्या टाकून वाटप.
लेक इरा चौथीत. तिने झेंडे रंगवले. एका झेंड्यावर भजी काढलीत. म्हणे तो आनंदी देश आहे.
मिलिंद: "हे सगळं गुगलवर तयार मिळालं असतं."
मिळालं असतं. भजी नसती मिळाली.

२४ जुलै, गुरुवार
मोशीला ट्रॅफिक जाम. कॉलेजात पोचले तेव्हा स्कूटीसकट माझाही रंग चिखलाचा. पण तास असा झाला की काय सांगू!
पोरांनी देशांना नावं दिली. मिसळिस्तान. ओव्हरटाइमिया (नाव देणाऱ्याच्या वडिलांची सध्या डबल शिफ्ट). गायत्रीला खालच्या अंगाचा छोटा देश आला. चेहरा बघण्यासारखा.
"मॅडम, बदलून द्या ना. एवढुसा देश?"
"देश बदलून मिळत नाही."
"आमच्याकडं आख्खी चाळ हाय, न् हितं मला हे?"
वरच्या अंगाच्या मोठ्या नदीचा पत्ता, त्यावर लाल ठिपका, आला रेश्माकडे. रेश्मा म्हणजे परभणीहून गेल्या वर्षी आलेली, पुढच्या बाकावरची, विचारलं तरच बोलणारी. पत्ता हातात धरून बसली, गरम ताटली धरल्यासारखी.
गायत्रीने ठराव मांडला: वरच्याने नदीचं निम्मं पाणी खाली सोडावं. रेश्माने लगेच हात वर केला. मंजूर. मग सगळं पाणी सोडावं. तिने पुन्हा हात वर केला. वर्ग ओरडतोय, "अगं, व्हेटो आहे तुझ्याकडं!" ती आपली मान खाली.
खेळ छान, पण हे काहीतरी खटकलं.

२५ जुलै, शुक्रवार
मधल्या सुट्टीत रेश्माला विचारलं, 'नाही' का म्हणाली नाहीस?
"आम्ही त्यांच्याच खोलीत ऱ्हातो की, मॅडम."
कुणाच्या?
"गायत्रीच्या पप्पांच्या. चाळीतली मागची खोली."
जूनपासून समोर बसतात दोघी, मला पत्ता नाही. समाजशास्त्र शिकवते म्हणे.
म्हटलं, खेळात तू रेश्मा नाहीस, तू देश आहेस. तिने मान हलवली. पटलं असं वाटलं नाही. पटावं तरी कसं?

२८ जुलै, सोमवार
दुसरी फेरी. गायत्रीने नवा ठराव आणला: नदीवरच्या धरणाची दारं खालच्या देशाच्या हातात द्यावीत. मुलगी हुशार, बापाच्या वळणावर.
रेश्मा उभी राहिली. आवाज बारीक. "नाही."
वर्गात टाळ्या, बाक बडवणं. शेजारच्या वर्गातून इंग्रजीचे सर डोकावून गेले.
गायत्री: "असं कसं नाई? आमी सगळे हो म्हनतोय!"
"व्हेटो हाय माझ्याकडं," रेश्मा म्हणाली आणि हसू दाबत खाली बसली.
एवढा आनंद मला माझ्या बी.एड.च्या निकालाला झाला नव्हता. गायत्री मात्र तासभर खिडकीबाहेर बघत बसली.

३० जुलै, बुधवार
रेश्मा आज नाही. कालही नव्हती. माझ्या खोक्याच्या खेळापायी कुणाच्या घरात काही...
गायत्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने आधी पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग: "पाणी भरायला थांबली आसंल."
म्हणजे?
"आण्णांनी पाण्याच्या मोटारीचा टाइम बदललाय. सकाळी सहाच्या जागी धा वाजता सोडत्यात. तिचे आईवडील फस्ट शिफ्टला जात्यात. मग भरणार कोन?"
अण्णा म्हणजे तिचे वडील. सांगताना माझ्याकडे बघत होती. सांगून झाल्यावर बघेना.
मुद्दाम बदलला का, हे विचारायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू खेळ बंद कर आणि धडा वाच." त्याचं काळजीपोटी असतं, पण राग आलाच.

३१ जुलै, गुरुवार
गायत्रीनेच येऊन सांगितलं, काल घरी गेल्यावर अण्णांना विचारलं म्हणे. टाइम आधीच ठरला होता, टाकी धुवायची म्हणून, पुढेही तोच राहणार. रेश्माचा संबंध नाही. "पन बदलताना कुनाला इचारलं न्हाई," हे तीच आपणहून पुढे म्हणाली. मी एक शब्द बोलले नव्हते. लिहून ठेवते, कारण असे दिवस वर्षातून एखादाच येतो.

४ ऑगस्ट, सोमवार
प्राचार्यांचा निरोप: "तुमच्याकडे पालक आलेत." शिक्षक-खोलीत गायत्रीचे वडील. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. मनात म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.
"मॅडम, शिकवा तुमी काय शिकवायचं ते. पन पोरगी जेवताना म्हनती, 'आण्णा, तुमच्याकडं व्हेटो हाय.' ह्यो व्हेटो काय आसतो?"
सांगितलं. बाकी सगळे हो म्हणाले तरी एकाच्या नाहीने गोष्ट थांबते.
ते विचारात पडले. मग मोठ्यांदा हसले. "आसं व्हय! म्हंजी आमच्या म्हातारीकडं आसतो त्यो!"
चहा मागवला. ते खेळ बघायचाच म्हणाले. खोका उघडून दाखवला, एक पत्ता ओढा म्हटलं. त्यांना आला भज्यांच्या झेंड्याचा देश: समुद्र नाही, तेल नाही, नदी नाही.
"ह्येला कोन विचारनार?"
"तेच तर मुलं शिकतायत."
हसले नाहीत या वेळी. पत्ता उलटापालटा करत बसले. चहा गार झाला. उठताना म्हणाले, "रविवारी रूमवाल्यांची बैठक घेतो. गायत्री लई मागं लागलीया. तुमी या. बोलायचं न्हाई, नुसतं बसा."

१० ऑगस्ट, रविवार
गेले. मिलिंद आणि इरासुद्धा आले. इराला वाटलं पार्टी आहे. चाळीच्या गच्चीवर सतरंज्या. गायत्रीने मला खाली सतरंजीवर बसवलं, आपल्या आईला आणि आजीला पण. खुर्च्या सगळ्या उचलून जिन्यात ठेवल्या होत्या. अण्णा उभेच, बसायचं कुठे कळेना.
पहिली रेश्माची आई बोलली, पदर सावरत. "धा वाजता पाणी आलं की आमची पोरगी घरी बसती. सहाला आलं तर भरून जाती. तेवढंच म्हणायले." बस. एवढंच.
मग एकेक. नाइटवाले म्हणाले, सकाळी सहाला आम्ही नुकते येतो, झोपतो, आम्हाला संध्याकाळी द्या. सेकंडवाल्यांना संध्याकाळी नको, दुपारी हवं. अण्णांनी कपाळाला हात लावला. "आता सांगा, कुनाचं ऐकू?" खरंच प्रश्न होता, टोमणा नव्हता.
रेश्मा हळूच म्हणाली, "मोटारीच्या पेटीची किल्ली एकाकडंच कामून? दर महिन्याला एकेका शिफ्टकडं द्या."
गडबड. कोणी म्हणे मोटार जाळून ठेवतील. गायत्रीची आजी पुढे सरकली. ती म्हणाली, "जळली तर जळली. माज्या तरुणपनी आमी हिरीवरनं शेंदत व्हतो. चावी द्या पोरींच्या आयांकडं."
एकटीच्या होकाराने गोष्ट चालू होते, या व्हेटोच्या उलट्याला काय म्हणतात ते पुस्तकात नाही.
प्रयोग म्हणून दिवाळीपर्यंत चालवायचं ठरलं. पहिली किल्ली रेश्माच्या आईकडे. तिने ती मंगळसूत्राच्या शेजारी अडकवली आणि आमच्यासाठी पोहे केले.

१२ ऑगस्ट, मंगळवार
प्राचार्य म्हणाले, खोक्याचा खेळ तालुक्याच्या शिक्षकांना दाखवा. आनंद झाला. लगेच चिंता, पत्ते मळलेत. इराला नवे झेंडे सांगितले. ती म्हणाली, भजी कायम राहणार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
मोटार एकदा बंद पडली. फर्स्टवाले सेकंडवाल्यांना दोष देतायत. अण्णा म्हणे सगळ्यांना "बघा, म्हनलं व्हतं" असं सांगत फिरतायत, पण किल्ली परत मागितलेली नाही. गायत्री-रेश्मा आता एका बाकावर. एकमेकींशी बोलतात की भांडतात कळत नाही. बहुधा दोन्ही.

२५ ऑगस्ट, सोमवार
गणपतीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. गायत्रीने ठराव मांडला: या खेळातून व्हेटोच काढून टाकावा. सगळ्या वर्गाने हात वर केले. पाचातल्या चार लाल ठिपकेवाल्यांनीही.
राहिली रेश्मा.
"तू हो म्हणल्याशिवाय जानारच न्हाई ना त्यो," गायत्री म्हणाली.
"माहितीय."
"मग म्हन की."
रेश्मा पत्ता उलटून बघत राहिली. "एवढ्यात नाही. आत्ता कुठं मिळालाय." वर्ग हसला, ती नाही हसली. "मला विचार करायचाय, मॅडम."
मी काही सांगावं असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. मुद्दे ओठांवर होते, दोन्ही बाजूंचे. घंटा झाली.
बसथांब्यावर दोघी दिसल्या. गायत्री हातवारे करून समजावतेय, रेश्मा मान हलवतेय, नाही, नाही. बस आली. दोघी तशाच भांडत आत चढल्या.