रोजा सुटल्यावरच्या गोळ्या

दिवेआगर, ता. १२ नोव्हेंबर १९३७

ती. सौ. ताईस,
बाळाजीचा सा. न. वि. वि.

फराळ पोचला, चकली किंचित कडक. हिवतापाच्या गोळ्या वाटायचं काम सरकारने मला दिलंय. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार, दोन-दोन गोळ्या, माझ्यासमोर गिळायच्या. इंग्रजी औषधांची पुस्तकं मास्तराशिवाय वाचली, ती काय उगाच? सत्तेचाळीस घरं सरळ आली. मोहल्ल्यातली चौदा अडली; त्यांचे रोजे चालू. कुलसुमचा नवरा करमअली म्हणाला, तिला हीव भरून ताप येतो, गोळ्या हातात द्या, रोजा सुटल्यावर घेईल. तुझी मैत्रीण असली तरी नियम तो नियम. घरी दिल्या की लोक फेकतात. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हेही मी त्याला सुनावलं. ती ऐकत नाही, भाऊ, म्हणाला. चौदाही घरांपुढे ‘नकार’ लिहून मोकळा झालो.

भावोजींना नमस्कार. मायेत अंतर नको.
बाळाजी


किहीम, ता. १६

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

चकली कडक, तर डबा रिकामा कसा आला रे? तुझी हुशारी मी गावभर सांगते, पण हे पत्र ह्यांना दाखवलं नाही. लहानपणी तू तापाने फणफणला होतास, तेव्हा संकष्टी होती. चंद्र दिसेपर्यंत काढ्याला तोंड लावलं नाहीस. आई वाटी घेऊन बसून राहिली. तिने नाही कुठे ‘नकार’ लिहिला. त्यांचा उपास तेवढा हट्ट होय? दिवस मावळल्यावर जा, तुझ्यासमोरच गिळतील. आधी कुलसुमकडे जा. ती कशी आहे ते कळव, तोवर मला घास गोड लागायचा नाही.

ताई


दिवेआगर, ता. २३

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र अठराला मिळालं. रागाने दोन दिवस तसंच ठेवलं. वीस तारखेला दिवस मावळता करमअलीकडे गेलो. कुलसुमला त्याच दुपारी माती दिली होती.

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बसायला चटई टाकली, आणि एवढंच म्हणाला, वहीत लिहा भाऊ, ती नको म्हणाली नव्हती. मग उठून स्वतः मला बाकीच्या तेरा घरी घेऊन गेला. खजूर खाऊन, पाणी पिऊन सगळ्यांनी गोळ्या घेतल्या. अर्धा तास लागला, ताई. फक्त अर्धा तास.

‘कुलसुमने मागितल्या, मी दिल्या नाहीत’ असं लिहून, सही करून वही अलिबागला साहेबांकडे धाडली. काम गेलं तर जाऊ दे. भावोजींना हे पत्र जरूर वाचून दाखव.

लोभ ठेव, असं आज लिहवत नाही.
बाळाजी