ओव्हनला टेकवलेली खुर्ची

म्दान्त्साने, मंगळवार

प्रिय झोलिस्वा,

हे पत्र तू उघडशील की नाही, देव जाणे. फोन तू उचलत नाहीस आणि मीही करायचा सोडलाय. पाय सुजलेत, म्हणून स्वयंपाकघरातच तुझ्या बाबांच्या खुर्चीवर बसून लिहितेय. वर्षभर ही खुर्ची ओव्हनच्या दाराला टेकवलेली होती. आज मोकळी झाली.

बाबांना जाऊन वर्ष झालं, पुढच्या शनिवारी माझे सुतकाचे काळे कपडे उतरवायचेत. तुझी आत्या रविवारीच आली, एक पिशवी आणि शंभर हुकूम घेऊन. "वहिनी, चहाबरोबर घरी भाजलेले चार बादल्या भरून स्कोन हवेत. दुकानातली बिस्किटं ठेवलीस तर लोक तोंडावर ती खातील आणि पाठीमागे तुला खातील." पण तू गेल्यापासून या ओव्हनचं दार कधी नीट लागलंच नाही. खुर्ची टेकवूनही डावीकडून वाफ जायचीच. आतल्या बाजूचे स्कोन काळे, दाराजवळचे पांढरेफटक. रविवारचा पहिला घाणा कोंबड्यांनी खाल्ला. मी थकलेय गं. वर्षभर काळं नेसून, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून, प्रत्येकाचं ऐकून घेऊन थकलेय.

शेवटी आज सकाळी आत्याने सिंदिले मिस्त्रीला आणलं. हात कमी, तोंड जास्त. "काकू, या दाराचंही वय झालंय, तुमच्या-माझ्यासारखं," म्हणाला. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचा आणि ओढून बघायचा. वर अडली, उजवीकडे अडली, डावीकडे मात्र अलगद सुटून आली. "रबर तर शाबूत आहे. डावी बिजागरी बिघडलीय. कुणी आपटलंय का दार?" मी लगेच म्हणाले, "मुलीने आपटलं." परक्या माणसाला, विचारही न करता. त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले होते, तसंच.

तो दिवस तू विसरली नसशील. बाबा गेले आणि आपल्या रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकले, टीव्ही भिंतीकडे वळवला. ओव्हनच्या काचेवरही फडकं आलं. रोज प्रार्थनेला माणसं, त्यांचा चहा, आणि तू पहाटेपासून कणीक मळत उभी. तू ते फडकं ओढून काढलंस तेव्हा आत्या किंचाळली, "काच उघडी टाकलीस!" तू म्हणालीस, "मग आत्या, एवढ्या माणसांना काय काच खायला घालू?" कुणीतरी हसलं. तुझ्या बाबांचं प्रेत अजून घरी यायचं होतं आणि माझ्या स्वयंपाकघरात कुणी हसलं, हे मला सहन झालं नाही. त्यातच दार लागेना. मी चारचौघांत म्हणाले, बापाने हौसेने आणलेली वस्तू आपटून मोडलीस, तुला त्यांचं काही नव्हतंच. तू एवढंच म्हणालीस, "आई, मी आपटलं नाही." दफन झालं आणि तू केपटाउनची बस धरलीस.

सिंदिलेने दार पूर्ण खाली पाडलं, बिजागऱ्यांचे खटके वर केले आणि आख्खं दार उचलून जमिनीवर ठेवलं. डाव्या खाचेत बॅटरी मारली, चिमट्याने ओढलं. काळी चिंधी निघाली, तळहाताएवढी, भाजून कडक झालेली. "हे इथे कोण कोंबतं?" म्हणून तो हसला. मी हसले नाही. किनारीची शिवण माझ्या हातची होती. माझाच डोक्याचा काळा रुमाल. त्या काचेत सारखी बाबांची रिकामी खुर्ची दिसत होती, झोलिस्वा. मीच ती झाकली होती. रुमाल घसरत होता म्हणून त्याचं टोक लोण्याच्या सुरीने मीच बिजागरीत ठासलं होतं. तू ओढलंस तेव्हा तेवढं टोक फाटून आत राहिलं. आज चिंधी निघाली तेव्हा आत्या अंगणात कुणाशी तरी भांडत होती, तिला काही कळलं नाही. सिंदिलेने विचारलं, "फेकू?" मी म्हटलं, "दे इकडे."

दार आता लागतं. पहिल्यासारखं, एका बोटाने.

शनिवारी माझे काळे कपडे जाळतील. एक धागाही मागे ठेवायचा नसतो, तुला माहीत आहे. ती चिंधी या पाकिटात घातलीय आणि पाकीट उद्या केपटाउनच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. आत्याला कळलं तर माझी खैर नाही. चूक माझी होती. चारचौघांत तुला बोलले, शनिवारी चारचौघांतच तुझी माफी मागेन. माझ्यावरचा राग मनात राहिला तरी राहू दे, पण चिंधी घेऊन ये. ती तुझ्या हातून आगीत पडेपर्यंत मी काळं उतरवणार नाही, मग पाहुणे कितीही ताटकळोत आणि आत्या कितीही ओरडो.

तुझीच,
आई