बेहड्याचा अर्धा फोटो

९ फेब्रु., रवि.
पाहिलं! घरी येऊन दोन तास झाले तरी छाती धडधडतेय. चंदगडच्या पुढं, एस.टी.च्या शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास चालत, देवराईत. नसीमा (इथून पुढं नुसती न.) वर्षभर मागं लागली होती, "एकदा चल, मग बोल." ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिला सगळीच झाडं भारी वाटतात, म्हणून मी मनावर घेतलं नव्हतं. आज मान मागं टाकून वर बघता बघता पाठीवरच पडले. बेहडा. पानं झडलेली, नुसत्या फांद्या आभाळात. सात जणींनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडायचा नाही.
साठेक फोटो काढले. एकातही पुरता मावला नाही. राई दाट, मागं सरकायला जागाच नाही. पाय घ्यावेत तर डोकं जातंय.
बावीस वर्षं स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढतेय. "हनुवटी वर, कान दिसू देत." आणि हा!

११ फेब्रु.
सुचलं! समोरच्या उंच जांभळावरून दोर सोडायचा, कॅमेरा हळूहळू वर ओढायचा, हात-हातभर अंतरावर एकेक फोटो. बटण मोबाइलवरून. खालून दोन सुतळ्या धरल्या की डोलणार नाही. मग सगळे तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. गिऱ्हाईक येत होतं नि मी पावतीच्या मागं चित्रं काढत होते.
अनिल जेवताना म्हणाला, "आणि हा फोटो विकत घेणार कोण?"
"मी."
परत भात कालवायला लागला. नवऱ्याला एवढं उत्तर पुरे.

१६ फेब्रु., रवि.
भैरू तात्यांची परवानगी. राईतल्या देवाचे पुजारी, सत्तरी ओलांडलेले. चपला बाहेर काढून आत गेलो. तात्यांनी कौल लावला. देवाच्या दगडावर दोन ओल्या पाकळ्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर घरी जा. वीस मिनिटं कुठलीच हलेना. न.नं माझं मनगट आवळून धरलेलं. आणि उजवी!
तात्या म्हणाले, "देव व्हय म्हणतोय. आता म्या इचारतो. एवढं कागदावर मावतंय व्हय?"
"मावेपर्यंत कागद जोडू की."
हसले. मग झाडामागं नेऊन चीर दाखवली. मागच्या पावसात मोठी फांदी कोसळली, तिथून फाटत बुंध्यापर्यंत आलीय. माझा हात मनगटापर्यंत आत गेला.
"औंदाच्या पावसात ऱ्हातंय का न्हाय, कुणास ठावं. काढ बिगीबिगी."

२३ फेब्रु., रवि.
नाद खुळा दिवस! जांभळावर दोर चढवायचा कसा, हा घोळ होता. तात्यांनी घरातून गोफण आणली, दगडाला मासेमारीचा बारीक दोरा, तंगूस, बांधला. पहिला दगड ओढ्यात. दुसरा न.च्या जेवणाच्या डब्याशेजारी. तिसरा थेट वरच्या बेचक्यातून पलीकडं! तंगुसामागून दोर गेला. तात्यांनी उडीच मारली. "जुंधळ्यावरची पाखरं हाकून हात तयार झालाय ह्यो!"
कॅमेरा चढला. मोबाइलवर एकेक फोटो उघडत गेला. मुळं, बुंधा, चीर, शेवाळ... मी नुसती ओरडत होते. चौपन्नाव्या फोटोपर्यंत आलो, निम्मं झाड. मग उजेड गेला. कॅमेरा उतरवला, दोर तिथंच ठेवला. उरलेलं पुढच्या रविवारी.
दुपारभर एक थोरला पक्षी पलीकडच्या झाडावर बसून होता, चोचीत काहीतरी धरून. न. म्हणाली, धनेश. इतका देखणा की त्याचेही दोन काढले.

२४ फेब्रु.
जोडले! कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. पण काय दिसतंय! सालीवरची मुंग्यांची रांगसुद्धा. न.ला बोलावून घेतलं. ती मोठं करत करत वर गेली, आणि एक्कावन्नाव्यावर थांबली.
"हे काय?"
ढोली. तोंड लिंपून बंद केलेलं, मधे बोटभर फट. फटीत पिवळं टोक. चोच.
न.नं माउसवरचा हात काढला. मग सांगितलं. धनेशाची मादी स्वतःला आत कोंडून घेते, अंडी उबवते. नर फटीतून भरवतो. आम्ही समोर होतो म्हणून तो आला नाही.
"दिवसभर उपाशी ठेवलं आपण तिला."
त्या दोन फोटोंत त्याच्या चोचीत उंबर आहे. आत्ता नीट पाहिलं.

२५ फेब्रु.
न.शी भांडण. मी म्हटलं, एकच रविवार, तीन तास, वरचं काढू आणि संपवू. ती म्हणाली, "नर घाबरून कायमचा गेला तर?"
"आणि पावसात झाडच पडलं तर?"
"तर पडलं."
मी फोन ठेवला. तात्यांना लावला, ते तरी माझ्या बाजूनं बोलतील म्हणून. इकडं धनेशाला गरुड म्हणतात.
"गरुड बसलाय व्हय आत? मग पोरी, बाळंतिणीच्या दारात कोण हुबं ऱ्हातंय का? दोर असू दे तितंच. आता तिकडं कुणी फिरकायचं न्हाय."
थोडं रडले. मग न.ला फोन. "कधी निघतात बाहेर?"
"मे सरता सरता. नाहीतर जूनच्या तोंडाला."

३० मार्च
तात्यांचा फोन. लांबून लक्ष ठेवतात. नर रोज येतोय, दिवसाला कितीतरी खेपा! हुश्श.
बेहड्याला तांबूस पालवी फुटलीय म्हणे. म्हणजे आता वरचं काढलं तर खाली उघडा बुंधा आणि वर गच्च पानं. मी डोकं धरून बसले. न. म्हणाली, "मग असू दे की. फेब्रुवारीत पाय, जूनमध्ये डोकं."
अरेच्चा! हे मला का नाही सुचलं? एकाच झाडावर दोन ऋतू! दिवसभर हेच डोक्यात.

१७ मे
सकाळी तात्या फोनवर ओरडतच, "भिताड फोडलं! बया भाईर आली!"
स्टुडिओला कुलूप. अनिलनं गाडी काढली, स्वतःहून. ओढ्यापलीकडून, लांबच्या लेन्समधून पाहिली तिला. शेपटी विस्कटलेली, उडताना अडखळत होती. पण ढोली परत बंद! पिल्लानं आतून पुन्हा लिंपून घेतलंय. न. जागच्या जागी नाचली, "पुस्तकात वाचलं होतं, पुस्तकात!" आता दोघं मिळून भरवतात. मजा आहे पिल्लाची.
अनिलनं पहिल्यांदाच बेहडा पाहिला. जाताना मला म्हणाला, "कागद किती लांब लागेल, बघतो."

१ जून, रवि.
सकाळपासून ओढ्यापलीकडं बसलोय, इथंच लिहितेय. पश्चिमेला काळं भरून आलंय. चीर दोन बोटं वाढली, तात्या म्हणतात. वारा आला की बेहडा करकरतो, आणि मी श्वास धरते.
दहाच्या सुमारास लिंपणाचा टवका पडला. चोच बाहेर, मग अख्खं डोकं. इकडं तिकडं बघून परत आत. आईबाप समोरच्या फांदीवर, चोचीत उंबर, पण भरवायला जात नाहीत. न. कुजबुजली, "बोलावतायत त्याला."
कॅमेरा पिशवीत तयार. दोर घट्ट आहे. ते उडालं की एक तास मिळाला तरी पुरे.
तात्या कानाशी, "घाई करू नगंस त्येला."
मी कुठं काय केलं!
पुन्हा डोकं बाहेर. एक पंख बाहेर. ढोलीच्या काठावर बसलंय. न.नं माझं मनगट—