लाल धाग्याची चादर

लील, रविवार

आई,
दोन्ही गालांवर तुझ्या क्लोतिल्दचे पापे.

इकडे उत्तरेत सगळं छान. बाळाच्या गोधडीला अस्तर हवं होतं, म्हणून सकाळीच जुन्या बाजारात गेले. डबाभर बटणं जवळपास फुकटात मिळाली. तू असतीस तर त्यातही घासाघीस केली असतीस!

तिथेच लिननची एक चादर दिसली. कोपऱ्यात लाल धाग्यानं भरलेली तुझ्या माहेरच्या नावाची अक्षरं, शेजारी आजीनं विणलेलं तेच वाकडं बदक.

"अख्खं कपाट आलंय दक्षिणेतून," विकणारी म्हणाली. "म्हातारीला आता कशाला लागतंय, म्हणाला तिचा मुलगा. भारी घाईत होता बाई!"

लग्नातली ही चादर तू जपून ठेवलेली. "मेल्यावर मला हिच्यातच गुंडाळा," म्हणायचीस. कुणाला हात लावू द्यायची नाहीस.

गुडघा कसा आहे? जेवतेस ना? फोन दर वेळी गास्तोंदादाच उचलतो, आई झोपलीय म्हणतो.

हे पत्रही आधी तोच फोडणार. तेव्हा दादा, तुलाच सांगते. चादर माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलीय. शुक्रवारी येतेय, ती आईच्या हातात द्यायला. दार तिनंच उघडू दे.

क्लोतिल्द