वाटेतलं गाव

शुक्रवार, संध्याकाळ

दुपारी मामांचा राग आला होता. खरं तर त्यांचे पाय धरायला हवेत.

मामा म्हणजे माझे सासरे, मूळचे चंदगडचे, फौजेत रणगाडा चालवून निवृत्त झालेले. मी लिहिलेल्या जर्मन सेनापतीच्या चरित्राची शेवटची मुद्रितं त्यांनी हौसेनं वाचायला नेली होती. उद्या ती छापायला जायची. सरदार घराण्यातला माणूस, घोडदळातून रणगाड्यांकडे आला, डिव्हिजनचा प्रमुख झाला. सहा वर्षं मी त्याच्यात रमलो. काय ती ऐट, काय ते धाडस!

मामांनी एकाच वाक्यावर बोट ठेवलं: 'वाटेतलं गाव घेऊन डिव्हिजन पुढे सरकली.'

"पावणं, त्या गावाचं फुडं काय झालं?"

"मामा, पुस्तक त्याच्यावर आहे, गावावर नाही."

"व्हय की. पर मी रणगाडा चालवलाय. गल्लीतनं नेला की मागं काय उरतं, ते मला ठावं हाय."

रंकाळ्याच्या कडेनं तणतणत घरी आलो. जुनी टिपणं काढली. त्या गावात घरं जाळली, माणसं मारली, हे माझ्याच अक्षरात होतं. मग त्या गावाचं पुढं काय झालं, ते मी का गाळलं? सेनापतीचा डौल बिघडू नये म्हणून? दुसरं काय!

छापखान्याला थांबायला सांगितलं आणि दोन पानं नव्यानं लिहिली. गाव जाळायचा त्याच्या सहीचा हुकूमही घातला. लाज वाटली, पण मोकळंही वाटलं. मामांखेरीज हे मला कोणी विचारलं नसतं.

त्यांना फोन केला.

"बरं केलासा," म्हणाले. "आता जेवून घ्या."