खालच्या आळीतली नावं

१२ फेब्रु. ७९
अल्लीपूरहून पायी. मेडिकल कॉलेजच्या पाहणीचा तिसरा दिवस. घरोघर विचारायचं, किती मुलं झाली, किती गेली. गेलेली कोणीच सांगत नाही. खालच्या आळीतली गंगाबाई म्हणाली, "मेलेलं कायले मोजतं पोरी? हायेत ते लिही." रकाना कोराच. कॉलेजातले सर चिडणार.

१४ फेब्रु.
खालच्या आळीत जो तो उकंड्या, दगडू, धोंडी. मला हसू आलं, तर गंगाबाई खेकसली. "काऊन हासतं? आधीचं राह्यलं नाई, म्हून याले उकंड्या म्हनतो. उकिरड्यावरचं पोर कोन नेते?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकेका नावामागचं विचारत गेले आणि बाया बोलू लागल्या. बहुतेक सगळी हगवणीनं गेलेली. वरच्या आळीत अशी नावं शोधूनही सापडेनात. तिथे कठड्याची विहीर आहे. खाली बावडी, गुरं उतरतात ती. रजिस्टरात हातानं रेघ मारून नवा रकाना केला: पाणी कुठलं. बायांना म्हटलं, सांगा सगळं, इथे हापसी बसेल. कुणाच्या जिवावर म्हटलं कोण जाणे.

३ मार्च
सर आधी, "फॉर्मवर नाही ते कशाला लिहिलंस?" मग खुर्ची ओढून तीनदा वाचलं. "चांगलं आहे हं हे." रजिस्टरं ठेवून घेतली. मी दिली. नक्कल न करता. अक्कल गहाण ठेवली होती.

१९ जून
हिंगणघाट, पंचायत समिती. साहेब माणूस बरा. "ताई, तोंडी सांगून बोअर होत नाई. कागद आना, यादीत टाकतो." तशीच सरांकडे. "छापून येईस्तोवर एक आकडा बाहेर जायचा नाही." सर, पावसाळा तोंडावर आलाय... "संशोधनात घाई चालत नाही." हगवणीला चालते. हे तिथे बोलायला हवं होतं, इथे लिहून काय उपयोग.

८ जाने. ८१
पाहणीवरचा लेख छापून आला. सरांचा सत्कार, पेढे. माझे आभार शेवटच्या ओळीत, आडनाव चुकलेलं. अंक घेऊन तडक हिंगणघाट. साहेबांनी बोट ठेवून इंग्रजी वाचलं. "यात तं गाव 'क' लिहिलं हाय. गाव 'क' आमच्या यादीत नाई, ताई." सर म्हणतात, नाव दिलं तर गावाची बदनामी होते. केवढी ती काळजी! मधल्या दोन पावसाळ्यांत किती गेली ते विचारायलाही मी गेले नाही. तोंड नव्हतं.

२ मार्च
दुसरी फेरी, त्याच गावात. नव्या फॉर्मवर माझा रकाना सुबक छापलाय. सर म्हणाले, "फेरी संपेपर्यंत त्या हापसीचं काढू नकोस. पाणी बदललं तर तुलना बिघडेल." संताप संताप झाला. तरी फॉर्म घेतले. घेतलेच.

५ मार्च
गेले. फॉर्म बघताच गंगाबाई, "आली पुन्हा लिहाले? हापसी कुठी हाय?" सगळं सांगितलं, गाव 'क'सुद्धा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग, "म्हंजे आमचे लेकरं तिकडं कामी आले. इकडं नाई."
फॉर्म पालथे घातले. पाठीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहिलं. बाया येत गेल्या, गेलेल्यांची नावं सांगत गेल्या, अंगठे उमटवत गेल्या. दुपार कधी टळली कळलं नाही. उद्या पहिल्या एसटीनं हिंगणघाट. सरांना कळणारच, नोकरी जाणार. जाऊ दे. पंचायत समितीचे ते साहेब बदली होऊन गेले असं स्टँडवर कोणी म्हणत होतं. खरं-खोटं उद्या कळेल.
निघताना गंगाबाईनं बावडीच्या पाण्याचा गडवा पुढे केला. "दोन सालं झाले, आमच्या इथं घोटभर बी पेली नाई तू. आज पेऊन जाजो."
प्यायले.