अळणी डबा

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार. देवाच्या कृपेने तब्येत बरी आहे.

आई गेल्याचं कळलं, तरी स्वयंपाक एकही दिवस चुकवलेला नाही. सकाळी उठून पोळ्या लाटतो, सुतक फिटल्यापासून देवाला नैवेद्यही दाखवतो आणि डबा भरून कारखान्यात नेतो. काळजी करू नकोस.

काल जेवताना शेजारच्या वेल्डरने माझ्या भाजीचा घास घेतला आणि म्हणाला, "काका, मिठाशी भांडलात की काय?" मी तोवर अर्धा डबा संपवला होता. मला कळलंच नाही. देवालाही तेच अळणी दाखवलं होतं, तो बिचारा काही बोलला नाही. वेल्डरने हसत स्वतःची भाजी वाढली. तीही मला तशीच लागली.

अजून रडूही आलेलं नाही.

तू तर आईच्याच स्वयंपाकघरात रांधतेस. तुला चव लागते का गं? खरं लिही.

तुझा भाऊ